पहिला चहा कमी मतांच्या दारी

“निवडून आलेल्या माणसाला आठवण एकदाच करायची, पोरी. दुसऱ्यांदा केली की तो टोमणा होतो. आणि चारचौघांत तर मुळीच करायची नाही. चारचौघांत केली की त्याची शोभा होते, आणि शोभा झालेला माणूस हट्टाला पेटतो.”

गुरुजींना जाऊन बरीच वर्षं झाली, पण मतमोजणीचा दिवस उजाडला की हा आवाज माईंच्या कानात हमखास यायचा. शाळेत शिकवून बसलेला, जरासा घोगरा आवाज. आजही सकाळी देवापुढे दिवा लावताना तो आला. माईंचा रोजचा एक नेम होता. दिवा लावायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, देवा, आज माझ्या बोलण्यानं कुणाला टोचू नये. बाकी मागणं काही नाही. एवढं एक सांभाळायचं म्हटलं तरी संध्याकाळपर्यंत दमछाक होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. कारण माईंची नोकरी होती आमदारांच्या कचेरीत.

कचेरी मोठ्या रस्त्याच्या कडेला होती. पुढच्या खोलीत भिंतीला लागून बाकडी, मधल्या खोलीत आमदारांचं टेबल, आणि मागे एक चिंचोळी खोली. तिथे शेगडी, कपबशा, माईंचा देव आणि सुईदोऱ्याचा डबा. जागा सरकारी. आमदार बदलला की दारावरची पाटी बदलायची, टेबल-खुर्च्या त्याच राहायच्या आणि माईही त्याच राहायच्या. गुरुजींच्या नंतर आलेले ट्रकवाले आमदार तर थट्टेने म्हणायचे, “ह्या मतदारसंघात कायम निवडून येणारं माणूस एकच, आणि त्याला उभंही राहावं लागत नाही.”

मतदारसंघ म्हणजे हाताच्या पाच बोटांसारखा. वरच्या पेठेत दुकानदार आणि नोकरदार. फाटकाजवळ रेल्वेची चाळ. नदीकाठी भाजीचे मळे. टेकडीमागे खाणीवरची वस्ती. आणि पेठेला लागून गुरुजींची जुनी आळी. पेठ म्हणे खाण अडाणी, खाण म्हणे पेठ आखडू, आणि मळेवाले दोघांनाही वजनात मारत. एकाचं दुसऱ्याशी पटायचं नाही, पण मूठ वळायची तर पाचही बोटं लागायची. ही मूठ पहिल्यांदा वळवली ती इथले पहिले आमदार, गुरुजींनी.

पहिल्या निवडणुकीत गुरुजी पेठेच्या जोरावर आले. रेल्वेच्या चाळीतून त्यांना नावाला मतं पडली. दुसऱ्या दिवशी पेठेत मिरवणुकीची तयारी झाली, तर गुरुजी गायब. ते सकाळीच चाळीत जाऊन बसले होते. चाळीने दारं लावून घेतली. गुरुजी नळाच्या कट्ट्यावर बसून राहिले. शेवटी एका म्हातारीला राहवलं नाही. कपात चहा घेऊन ती आली आणि म्हणाली, “घे बाबा, पण मत मागू नकोस.” गुरुजी म्हणाले, “आजी, मतं कालच संपली. आज फक्त चहा.”

त्या दिवसापासून रीत पडली. जिथून सगळ्यांत कमी मतं, तिथे निकालानंतरचा पहिला चहा. माई तेव्हा नव्याने कामाला लागल्या होत्या. त्यांनी भीत भीत विचारलं होतं, “ज्यांनी मतं दिली त्यांना राग नाही का यायचा?” गुरुजी म्हणाले होते, “ते आपलेच आहेत, ते कुठे पळून चाललेत? ज्यांनी दिली नाहीत त्यांच्या पोटात रात्रभर गोळा असतो, की आता आपलं कोण बघणार. तो गोळा सकाळी सकाळी विरघळवायचा. चहाला दुसरं काम काय?”

पुढे ट्रकवाल्यांनी गुरुजींना पाडलं. खाण आणि मळे एक झाले होते. ट्रकवाल्यांना सर्वांत कमी मतं कुठून? गुरुजींच्याच आळीतून. ट्रकवाले मिशीला पीळ भरत गेले आणि दार वाजवलं, तर गुरुजींनी आतून हाक दिली, “या, आधण केव्हाचं ठेवलंय.” चहा झाल्यावर कचेरीच्या किल्ल्या हातात देऊन म्हणाले, “किल्ल्या सांभाळा, आणि माईंना सांभाळा. नाही, उलटं झालं. माई तुम्हाला सांभाळतील.” त्याच दिवशी त्यांनी माईंना बाजूला घेऊन शब्द घेतला. जोवर तू त्या कचेरीत आहेस, तोवर जो येईल त्याला आठवण कर. एकदाच, आणि एकट्याला. माईंनी मान हलवली होती. हलवलेली मान म्हणजे माईंच्या लेखी देवापुढची शपथ.

ट्रकवाल्यांनंतर डॉक्टरीणबाई आल्या. त्या गेल्या मळ्यात. मळेकरी रुसलेले, कारण नदीत घाण सोडू नका म्हणून बाई त्यांना भर सभेत बोलल्या होत्या. बाईंनी चहा घेतला आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं, “जीभ दाखवा.” सगळा मळा जिभा काढून उभा. एक म्हातारा म्हणाला, “बाई, मतदानाच्या आधी आम्ही जिभा दाखवल्याच होत्या की!” हसण्याचा असा फवारा उडाला की रुसवा त्यात वाहून गेला.

आता डॉक्टरीणबाई थकून घरी बसल्या होत्या, आणि मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. जनगणना झाली, माणसं वाढलेली निघाली, आणि सरकारने मतदारसंघाची हद्द नव्याने आखली. रेल्वेच्या चाळीचा फाटकापलीकडचा भाग शेजारच्या मतदारसंघात गेला. तिथल्या बायका माईंना भेटायला आल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “येतो, माई. आम्ही चाललो.”

“अगं बाई! कुठे?”

“कुठेच नाही. तिथेच आहोत. पण आता तुमच्यातल्या नाही.”

गेल्याच्या बदल्यात एक भाग आला. मोठा रस्ता ही पूर्वीची हद्द होती. ती पुढे सरकली आणि रस्त्यापलीकडची शिलाई गल्ली ह्या मतदारसंघात आली. कचेरीच्या खिडकीतून गल्लीचं तोंड दिसायचं, कोपऱ्यावरचं टेलरमास्तरांचं दुकानही दिसायचं. आणि खरी मेख तिथेच होती. यंदा निवडणुकीला उभे राहिलेले वकीलसाहेब हे ह्याच मास्तरांचे चिरंजीव.

मास्तर जन्मभर एका पक्षाचे. गल्लीची सगळी मतं त्यांच्या शब्दाखातर त्या पक्षाला पडत आलेली. मुलगा कॉलेजात गेला तो दुसऱ्याच पक्षाचा होऊन परत आला. भांडण असं नाही झालं, पण जेवताना बोलणं बंद झालं, मग जेवणंच वेगवेगळ्या वेळी होऊ लागली. बापाच्या अंगणात बापाविरुद्ध उभं राहायला नको म्हणून मुलाने रस्ता ओलांडून अलीकडे दोन खोल्या घेतल्या आणि ह्या मतदारसंघात काम सुरू केलं. माणूस कामाचा, डोकं थंड, लोकांना आवडला. तिकीट मिळालं, आणि नेमकी तेव्हाच हद्द सरकली. लोक हसून म्हणत, “बापापासून पळाला, तर गल्लीच मागे धावत आली.”

निकालाच्या दुपारी कचेरी माणसांनी फुलली. वकीलसाहेब चांगल्या मतांनी आले होते. गळ्यात हार, अंगावर नवा रेडिमेड कोट, आणि चेहऱ्यावर झोप. त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र आणि प्रचाराचा सूत्रधार, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, टेबलाच्या कडेवर बसून भागवार मतं मोठ्याने सांगत होता. पेठ चांगली. मळे उत्तम. खाण जेमतेम.

“आणि शिलाई गल्ली?” कुणीतरी विचारलं.

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. “ती सोडून द्या. सगळ्यांत तळाला आहे. पण गल्ली नवीन आहे, आत्ता कुठे आपल्यात आली. ती धरायची नाही. तिच्या वर खाण आहे. उद्या सकाळी पहिला चहा खाणीवर. गाड्या सांगितल्यात, फोटोवालाही सांगितलाय.”

माई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. वकीलसाहेबांची आणि त्यांची नजर एकदाच भेटली. मग वकीलसाहेबांनी ती हारात दडवली.

माईंनी ट्रे टेबलावर ठेवला. आठवण करायची तर एकट्याला, आणि हा माणूस एकटा कुठे आहे? दोनदा त्या काही निमित्ताने जवळ गेल्या. पहिल्यांदा पेठेतला सराफ मिठी मारायला आला, दुसऱ्यांदा साहेबांनीच चष्मेवाल्याला हाक मारून मध्ये उभं केलं. तिसऱ्यांदा माई गेल्या नाहीत. जो चुकवतोय त्याला गाठणं म्हणजेसुद्धा टोचणंच.

संध्याकाळी त्या रस्ता ओलांडून मास्तरांकडे गेल्या. काम होतं. ब्लाउजचं बटण तुटलं होतं, आणि हल्ली माईंचे हात कापत. सुईत दोरा ओवला गेला तरी बटण वाकडंच बसायचं. वर्षभर त्यांची बारीकसारीक दुरुस्ती मास्तरच करत.

मास्तर कापडावर खडूने रेघ ओढत होते. मान वर न करता म्हणाले, “या माई. आता आपण एका घरातले झालो म्हणे. सरकारनं रेघ ओढली. आता रेघा ओढणं माझाही धंदा आहे. पण मी आधी अंग मोजतो, मग ओढतो. ह्यांनी कुणाचं अंग मोजलं?”

आतून काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा आवाज आला, “मोजायला आले असते तर तुमच्या तोंडाचं माप कुठल्याच नकाशात मावलं नसतं!”

“ऐकलंत? चाळीस वर्षं हा विरोधी पक्ष घरात पोसतोय.” मास्तरांनी कातरी खाली ठेवली. “टीव्हीवर पाहिला तो कोट? खांदे बघा, खांदे. हँगर आत विसरल्यासारखे. टेलरचा मुलगा, आणि अंगावर रेडिमेड!”

“कुणी शिवून दिला का त्याला?” काकू दारात आल्या. त्यांच्या हातात फडकं होतं आणि फडक्यात एक कप. माईंनी पाहिलं, फळीवरचे चांगले कप खाली काढलेले होते. पाहुण्यांसाठी ठेवलेले, सोनेरी काठांचे.

कुणी मत कुणाला दिलं हे माईंनी कधी विचारलं नव्हतं. तेही गुरुजींनीच शिकवलेलं. पण मास्तर आपणहून बोलू लागले. “माझं मत कुणाला ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण गल्लीतली बाकीची माणसं माझ्याकडे येऊन विचारत होती, मास्तर, आपला वकील यायचाय ना मतं मागायला? मी म्हटलं, येईल. पेठ झाली, मळ्यातला चिखल तुडवून झाला, खाणीवर तर दोनदा गेला. रस्ता ओलांडून इथं एकदाही नाही. मग माणसांनी काय समजायचं? वकील झाला, आता शिलाई मशिनचा आवाज त्याच्या कानाला बरा लागत नाही, असंच ना? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.”

“मला मध्ये आणू नका,” काकू म्हणाल्या. “मी न मागता वाढते. गल्लीतून जी चार मतं पडली, त्यातलं एक कुणाचं ते माई, विचारू नका.”

“मी विचारतच नसते,” माई हसल्या.

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. मग अर्धंमुर्धं हसून पुन्हा खडू उचलला आणि रेघ नसलेल्या जागी रेघ ओढली. “उद्याचा तो चहा,” ते अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, “खाणीवर ना?”

“तसं म्हणताहेत.”

“बरंय. खाणीवरची माणसं चांगली आहेत.” थोड्या वेळाने म्हणाले, “मी विचारलं असं सांगू नका त्याला.”

माईंनी मान हलवली. आता झाली का पंचाईत! एक शब्द गुरुजींना दिलेला, एक मास्तरांना. दोन्ही पाळायचे, आणि कुणाला टोचायचंही नाही. घरी जाताना त्या मनात म्हणाल्या, देवा, मी नेम साधा धरला होता रे, तू तो अवघड करतोस.

सकाळी कचेरीपुढे गाड्या लागल्या. चष्मेवाला फोनवर फोन करत होता. बाकड्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, मधल्या खोलीत वकीलसाहेब उभे. माईंनी मागच्या खोलीत चहा ठेवला आणि देवाला म्हटलं, गाठभेट तू घालून दे, बोलायचं मी बघते.

आणि गाठभेट घातली ती एका बटणाने. पेठेतला कुणी उत्साही माणूस हार घालायला आला आणि हार घालता घालता साहेबांना मिठीत घेऊन असं दाबलं की रेडिमेड कोटाचं मधलं बटण टणकन उडून टेबलाखाली गेलं. सगळे ते शोधायला वाकले. चष्मेवाला ओरडला, “अरे, फोटो आहेत! माई, सुईदोरा आहे का?”

“आत आहे.”

वकीलसाहेब बटण मुठीत धरून मागच्या खोलीत आले. जागा इतकी चिंचोळी की तिसरं माणूस मावत नव्हतं. दार आपोआप लोटलं गेलं. शेगडीवर चहा उकळत होता. देवापुढचा दिवा शांत होता. वकीलसाहेबांना कळलं की आपण सापडलो. ते कोट काढून स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखं बटण पुढे केलं.

“पहिला चहा कमी मतांच्या दारी असतो, साहेब,” माई हळूच म्हणाल्या. “गुरुजींना शब्द दिलाय, म्हणून एकदा सांगितलं. आता पुन्हा नाही सांगणार.”

बोलून झालं आणि माईंना हलकं वाटलं. त्यांनी सुईचा डबा काढला.

“मला माहीत आहे, माई. कालपासून तुम्हाला चुकवतोय.” वकीलसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. “खाण पण कमीच आहे ना?”

शब्द एकदाच काढायचा होता, तो काढून झाला होता. त्या दोरा ओवू लागल्या. दोरा सुईच्या अलीकडून, पलीकडून जायचा, आत जायचा नाही.

त्या गप्प राहिल्यामुळे वकीलसाहेबच बोलत राहिले. “मी गल्लीत मतं मागायला गेलो नाही, ते मुद्दाम. बाबा दुकानात बसलेले, आणि मी त्यांच्या समोर दारोदार दुसऱ्या पक्षासाठी हात जोडायचे? चाळीस वर्षं जी माणसं त्यांच्या शब्दावर चालली, त्यांच्यापुढे त्यांची मान खाली गेली असती. ती जाऊ नये म्हणून एक गल्ली सोडली. जिंकलो तरी, हरलो तरी. त्यांचं त्यांच्याकडे राहू दे म्हटलं.”

माईंचे हात थांबले. म्हणजे हे असं होतं तर. इकडे बापाची मान राखायला मुलगा रस्ता ओलांडत नव्हता, आणि तिकडे सगळी गल्ली दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. मास्तरांनी काय विचारलं ते सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण गल्लीने काय विचारलं, त्याबद्दल कुणी शब्द घेतला नव्हता.

“साहेब, तुम्हाला वाटलं त्यांची मान खाली जाईल. गल्लीला वाटलं तुमचीच जाते. शिलाईवाल्यांच्या दारात उभं राहायला.”

वकीलसाहेबांनी झटकन वर पाहिलं. “असं कोण म्हणालं?”

“कुणी म्हणालं नाही. वाट बघत होते एवढंच. मागायला येईल म्हणून.”

“मला लाज वाटेल? त्यांची?” बाहेर चष्मेवाला कुणाला तरी सांगत होता की खाणीवर दोन खुर्च्या आणि टेबलावर कापड पाहिजे. वकीलसाहेबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “मतमोजणीत गल्लीचा आकडा आला तेव्हा मी मनात म्हटलं, चला, बाबा जिंकले. बरं वाटलं मला, माई. खोटं नाही सांगत. पण मग घरी गेलो तर झोप नाही.”

माईंनी सुई पुन्हा उजेडात धरली. दोरा ह्या वेळी गेला. त्यांनी बटण कोटावर ठेवलं, एक टाका घातला, दुसरा घातला. बटण एका बाजूला कललं. हात कापत होते ते काही आजचेच नव्हते. त्यांनी टाके उसवले, सुई डब्यात ठेवली आणि कोट घडी घालून वकीलसाहेबांच्या हातात दिला.

“मला नाही जमत हो हल्ली. माझीसुद्धा बटणं मी पलीकडेच नेते. कालच एक लावून आणलं. बघा, किती घट्ट बसलंय.”

वकीलसाहेबांनी माईंकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग मुठीतल्या बटणाकडे. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. ते हसू माईंनी आदल्या संध्याकाळी दुसऱ्या एका चेहऱ्यावर, खडू उचलताना, अर्धंमुर्धं पाहिलं होतं.

“खांद्यांवरूनही बोलतील,” ते म्हणाले.

“बोलतील. हँगर आत राहिलाय का विचारतील.”

“आणि आई?”

“आई काय बोलणार? त्या न मागता वाढतात.”

शेगडीवरचा चहा वर आला. माई कपात ओतणार, तेवढ्यात वकीलसाहेबांनी कपावर आडवा हात ठेवला. “इथला नको.” गळ्यातला उरलेला हार त्यांनी काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि माईंच्या देवापुढे ठेवला. मग मागचं दार उघडलं. तिथून बोळ, बोळातून मोठा रस्ता. गाड्या पुढच्या दाराशी होत्या आणि सगळ्यांचे डोळेही तिकडेच.

“चष्मेवाल्यांना काय सांगू?” माईंनी विचारलं.

“खरं सांगा. खाणीवर दुपारी येतो म्हणावं. आत्ता बटण लावायला गेलेत.”

माईंनी शेगडी बंद केली आणि खिडकीपाशी आल्या. वकीलसाहेब रस्त्याच्या कडेला उभे होते, कोट हातावर, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. एक ट्रक जायचा होता, तो त्यांनी जाऊ दिला. मग त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.